बायांचा सर्फ

पोळ्यानंतरचा पहिला बाजार, कामरगाव. हजर: मी, माझी धाकटी जाऊ, आमच्या बचतगटाच्या अध्यक्षबाई आणि कपडे धुण्याच्या पावडरीच्या पुड्यांनी भरलेलं एक पोतं. गैरहजर: गिऱ्हाईक.

पावडर करायची कल्पना माझी. बाकीच्या जणींचं म्हणणं, पापडच बरे. शेवटी ठरलं की आज निम्मं पोतं तरी रिकामं झालं तर पावडर चालू ठेवायची, नाहीतर पुन्हा पोळपाट-लाटणं. पापडांना माझा विरोध नाही. मला ते गोल लाटता येत नाहीत, एवढंच.

दुसऱ्या कंपनीचं नाव आपल्या मालाला लावायचं नाही, असं गटाच्या प्रशिक्षणात बजावलं होतं. ते मी सगळ्यांकडून घोकून घेतलं होतं. त्यामुळे पहिल्या बाईनं "सर्फ हाय काय?" विचारलं, तेव्हा अध्यक्षबाई म्हणाल्या, "नाही जी. धुण्याची पावडर हाय."

"मंग सर्फ कुठी भेटन?"

अध्यक्षबाईंनी समोरचं किराणा दुकान दाखवलं. बाई गेली.

दुसरीनं पुडी उचलून हुंगली. "पावडर? अंगाले लावाची का मुंग्यायले टाकाची?" तीही गेली.

जाऊ माझ्याकडे वळली. "जाऊबाई, तुमच्या कपाटाच्या दारावर सामानाची यादी हाय. त्यात काय लिवलं हाय?"

सर्फ. त्याच्या वर कोलगेट, मग ट्यूब कोणाचीही येवो. लेकीच्या साखरपुड्याला मीच 'बिसलरी' सांगितली होती. बाटल्यांवर भलतंच नाव होतं आणि सगळ्यांनी ती बिसलरी म्हणूनच प्यायली.

"ती यादी घरची आहे," मी म्हणाले.

"मंग ह्या बाया काय परदेशातून आल्या? तुमी च्या पिऊन या."

मी चहा पिऊन आले तर जाऊ एका बाईला सांगत होती, "कंपनीचा पाह्यजे तं समोर दुकानात हाय. हा आमी बायायनं घरी केला. नाही आवडला तं पुढच्या बाजारी पुडी वापस आण, मी इथंच बसून राहीन."

"म्हंजे बायांचा सर्फ," ती बाई म्हणाली आणि दोन पुड्या पिशवीत टाकल्या. शेजारचीनं हात पुढे केला. "मलेबी दे तोच."

उन्हं उतरेपर्यंत पोतं निम्म्याच्या खाली गेलं. पापड टळले.

आता बाजारात लोक त्याच नावानं मागतात. ते पुडीवर छापता येत नाही, हे मी गटाला पटवून दिलंय. दुसरं नाव हवं म्हटल्यावर प्रत्येकीनं आपापल्या नातीचं सुचवलं आणि बैठक तिथंच मोडली. छपाईवाला विचारून विचारून थकला. माझ्या कामांच्या यादीत पहिल्या ओळीवर अजून तेच आहे: पावडरीचं नाव ठरवणे.