प्रेमलताबाईंची खिडकी

धाकटी जाऊ केसर हिच्या घरी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जायचं प्रेमलताबाईंच्या अगदी जिवावर आलं होतं. पण न जावं तर साऱ्या पांढुर्णा गावात चर्चा! ठेवणीतली साडी नेसून निघाल्या. पोटदुखी घरूनच सोबत होती.

केसरचं घर आता जिथे आहे, त्या गावाबाहेरच्या माळावर तीन वर्षांपूर्वी सडकी संत्री फेकत. नगरपालिकेनं तिथे दुकानं आणि घरं एकत्र असलेली वस्ती वसवायचं ठरवलं. आराखडा करणाऱ्या मृणाल मॅडमनी बायांना माळावरच बोलावलं आणि मनातलं घर रांगोळीनं जमिनीवर काढायला लावलं. रांगोळीत प्रेमलताबाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं. पुढे शिलाईचं दुकान, मागे स्वयंपाकघर, मधल्या भिंतीत खिडकी, म्हणजे पोळ्या लाटताना गिऱ्हाईक दिसावं. झोपायच्या खोल्या वर, जिना बाहेरून. मॅडमनी खिडकीसाठी त्यांच्या डोळ्यांपर्यंत टेप लावून मापही घेतलं.

नाव नोंदवायची वेळ आली तेव्हा मात्र बाईंनी नाक मुरडलं.

"त्या घाणीत कोण राहाते वो? मी बाजारगल्ली सोडून येत नाही."

केसरनं त्याच दिवशी नाव दिलं. आता तिथे बसथांबा झाला, अंगणवाडी झाली, संध्याकाळी बाया पारावर बसू लागल्या आणि बसल्या बसल्या ब्लाऊज केसरकडे टाकू लागल्या. त्या केसरला काज-बटण कोणी शिकवलं होतं? प्रेमलताबाईंनीच! बाजारगल्लीतलं त्यांचं मशीन दुपार दुपार झाकलेलं असे.

घरात पाय ठेवताच त्यांना सगळं ओळखू आलं. रेघ न रेघ आपली. जळफळाट नुसता. वाण घ्यायला त्या स्वयंपाकघरात गेल्या, तर बुटकी केसर संत्र्याच्या रिकाम्या खोक्यावर उभी राहून खिडकीतून दुकानात पाहत होती.

"खोक्यावर काहून चढून राहिली वं?"

"मंग काय करू, बाई? खिडकी तुमच्या उंचीची हाय ना. मॅडमनं तुमच्याच मापानं ठेवली." केसर हसत खाली उतरली आणि तिळगुळाचं ताट आणायला वळली.

प्रेमलताबाई खिडकीशी सरकल्या. मान उचलावी लागली नाही, वाकवावीही लागली नाही. समोर दुकानात एक अनोळखी बाई कापड घेऊन उभी होती.

"ताई, दुकान तुमचंच का? ब्लाऊज शिवाचा होता."

"हो," प्रेमलताबाई म्हणाल्या, "बसा, आली मी."

मागे केसर ताट घेऊन उभी होती.