सुनंदाकडची गावं

नागपूरला इतवारीच्या बाजारात लेकीच्या लग्नासाठी भांडी बघत होते, तेवढ्यात सुनंदाच्या नवऱ्याचा फोन आला. "ताई, सुनंदा गेली... सकाळी उठलीच नाही." दुकानदार पितळी गुंड हातात धरून भाव सांगत होता, मला नुसते त्याचे ओठ हलताना दिसत होते. महिना उलटला, तरी ते हलणारे ओठ डोळ्यांसमोरून जात नाहीत.

रामटेककडे आम्ही दोघी कृषी सहायक म्हणून बरोबरच रुजू झालो. ती उमरेडच्या विणकराची मुलगी, घरात माग होता, शेत नव्हतं. "कोष्ट्याची पोरगी आमाले धान शिकवते काय?" असं लोक तोंडावर म्हणायचे. ती हसून चिखलात उतरायची. पुढे एकेक सहकारी निवृत्त होत गेला, जागा रिकाम्याच राहिल्या आणि त्यांची सगळी गावं हिच्या गळ्यात पडली. एका गावात पोचावं, तर दुसऱ्या गावात कीड पसरलेली. त्याचाच तिने धसका घेतला होता.

एका आश्विनात धानावर तुडतुडे उतरले. एका गावात सभा नुकतीच सुरू झाली होती, तोच शेजारच्या गावातून फोन... "रामदास बांधावर पडला, मॅडम! तोंडाले फेस येऊन राहिला." सभा टाकून ती निघाली. त्या दिवशी मी तिच्या मदतीला आले होते, दुचाकीवर मागे बसले. गाडी ती अशी हाकत होती की मी डोळेच मिटून घेतले. रामदास आणि त्याचा भाऊ दिवाकर दोन औषधं एकत्र करून, भर उन्हात, तोंडाला काही न बांधता फवारत होते. सुनंदाने रामदासच्या अंगातला ओला सदरा फाडून काढला, अंग धुतलं, त्याला कुशीवर वळवलं. टेम्पो आला तेव्हा औषधांच्या बाटल्या त्याच्या बायकोच्या हातात दिल्या. "डॉक्टरले दाखवा, विसरू नका."

टेम्पो वळला आणि दिवाकरने पुन्हा पंप उचलला. "धान जळून राहिला. आज फवारलं नाही तं दाणा नाही, नुसती तणस उरते."

सुनंदा आडवी उभी राहिली. "पहिले बांधीतलं पाणी काढा, साचल्या पाण्यावरच तुडतुडे वाढतात. औषध एकच, मी सांगते ते, उद्या सकाळी."

"तुम्ही महिन्यातून एकदा येता, मॅडम!"

तिचा चेहरा उतरला. "खरं आहे," ती म्हणाली. "म्हणूनच आज जात नाही."

दिवाकरने पंपाचा पट्टा सोडला नाही, ती हलली नाही. शेवटी दोघा भावांच्या म्हाताऱ्या आईने फावडं घेतलं आणि बांध फोडला...

सुनंदा त्या रात्री तिथेच राहिली. रामदास वाचला, निम्मा धानही वाचला. पण जिथली सभा टाकून आलो, तिथला धान जळाला. ते लोक तालुक्याला तक्रार घेऊन गेले. तिच्याकडून खुलासा मागवला गेला. रिकाम्या जागांबद्दल कुणी विचारलं नाही. "कोणाले सोडायचं होतं वं मी?" असं ती मला पुढे कितीदा तरी विचारायची.

तिची गावं आता माझ्याकडे आली आहेत. गेल्या आठवड्यात दिवाकरच्या शेतावर गेले. तो तोंडाला फडकं बांधून फवारत होता आणि त्याची बायको बांधावर नुसती बसून होती.

"काहून बसल्या वं?"

"एकट्याले फवारू द्याचं नाही, सुनंदा मॅडमनं सांगून ठेवलं," ती त्याच्यावरची नजर न काढता म्हणाली.

पंप रिकामा होईपर्यंत मीही तिच्याशेजारी बसून राहिले.