बोलत आलेली गौर

आमच्याकडे गौर मुखवट्याची नसते, तेरड्याची असते. भाद्रपदात ओढ्याकाठी फुललेला तेरडा मुळासकट उपटायचा. त्याची मुळं म्हणजे गौरीची पावलं, त्यामुळे ती न तोडता जपून आणायची. आणणारीनं पाण्यापाशीच तोंडात एक चूळ धरायची आणि ठरलेल्या जागी पोचेपर्यंत ती गिळायची नाही, थुंकायची नाही. थोडक्यात, मुक्यानं यायचं. मध्येच तोंड उघडलं तर परत पाण्यापर्यंत जाऊन नव्यानं सुरुवात करायची. हा रिवाज माझ्या सासरच्यांनी व्यापारासाठी हुबळीला येताना कोल्हापूरकडून बरोबर आणला. तिकडे विहीर परसात होती, चार पावलं मुक्यानं चालणं कुणालाच जड नव्हतं. माझ्या वाट्याला मात्र दूर अळणावर गावाजवळचं रान आलं.

याला कारण माझे यजमान. कमरीपेठेत त्यांचं दोर, खिळे आणि कड्या-कोयंड्यांचं दुकान. आठवडाभर दुकान आणि सुटीच्या दिवशी रान, असा त्यांचा संसार. त्यात मी कुठे बसते, असं मी लग्नानंतर एकदा विचारलं तर म्हणाले, "तू चल की रानात." तेव्हापासून मी रानातच आहे म्हणायचं. गौरीच्या आदल्या दिवशी बाजारात तेरड्याच्या जुड्यांचे ढीग लागतात, पण ते यांना चालत नसत. "विकतच्या पावलांनी कुठं गौर येते काय?" असं म्हणून ते सासूबाईंना गप्प करत. सासूबाईंनी एकच अट घातली होती, की मुकेपण सुटता कामा नये. मग ह्यांनी दुकानदारी करून ती अट थोडी खाली आणली. ओढ्यापासून रानाच्या कडेला असलेल्या एका म्हातारीच्या अंगणापर्यंत मुकं राहायचं, पुढे गाडीत बोलायला मोकळीक. त्या म्हातारीला आम्ही अव्वा म्हणतो. तिच्या तुळशीपाशी गौर क्षणभर टेकवली की माझी सुटका व्हायची.

त्या वाटेवर मी मुकी आणि हे मोकाट. पुढे चालायचे आणि दिसेल त्याचं नाव घ्यायचे. ही कळलावी, ज्वाळेसारखी पाकळी वर वळलेली. हा कवळा, ही आभाळी. ती बांधावरची पिवळी सोनकी, अजून लहान आहे, पंधरा दिवसांनी बघ. वर धनेश उडाला तर त्याच्या पंखांचा आवाज आधी ह्यांना ऐकू यायचा. नावं ते कन्नडमध्येही सांगत, कारण निम्मी त्यांनी गावागावांतून विचारूनच गोळा केलेली. ह्या सगळ्यात मला हसवायचा डाव असायचा हे वेगळं सांगायला नको. एकदा झाडावरून शेकरूनं अर्धवट खाल्लेलं फळ थेट ह्यांच्या टकलावर टाकलं. हे थांबले, डोकं चोळलं आणि गंभीरपणे म्हणाले, "गिऱ्हाईक माल परत करतंय." माझ्या तोंडातलं सगळं पाणी गौरीवर उडालं. परत ओढ्यापर्यंत जावं लागलं आणि जाताना मी त्यांना अशी काही बोलले की शेकरूसुद्धा पळालं असेल.

गेल्या थंडीत त्यांना लकवा झाला. पाय बऱ्यापैकी सुधारला, उजवा हात अजून जड आहे, आणि वाचा गेली. अगदीच गेली असं नाही, एक शब्द उरला. "बरं." पाणी हवं तर बरं, नको तर बरं, राग आला तर बरं, मी डोळे पुसताना दिसले तरी बरं. ज्या माणसानं आख्ख्या रानाला नावानं हाक मारली, त्याच्याकडे एवढाच ऐवज राहिला. मला फार राग यायचा. कुणाचा, ते कळत नव्हतं, म्हणून तो भांड्यांवर निघायचा.

देशपांडे नगरातल्या दवाखान्यात त्यांना बोलायला शिकवणारी एक तरुण मुलगी आहे. मी त्यांच्यासमोर वाटी धरून "हे काय, सांगा बघू" करत होते, ते तिनं पाहिलं. म्हणाली, "मावशी, परीक्षा घेऊ नका. तुम्हीच बोला त्यांच्याशी." मी तिला बाजूला घेऊन विचारलं, "पण आत सगळं आहे ना? नावं वगैरे?" ती खोटं बोलली नाही. म्हणाली, "समजतं त्यांना बरंच. नावं किती राहिलीत ते मलाही सांगता येणार नाही." त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. हात जड राहिला तरी चालेल, दुकान बंद झालं तरी चालेल. पण ती नावं आत आहेत की पुसली गेली, तेवढं मला कळायला हवं होतं. पुसली गेली असतील तर माझ्या शेजारी कोण बसलंय, हा प्रश्न मी मनातसुद्धा पुरा करत नव्हते.

यंदा गौर आणायला रानात जायचं म्हटल्यावर जाऊबाई खवळल्या. सासूबाईंच्या मागं घरातले सगळे रिवाज त्याच सांभाळतात. "ह्या अवस्थेत त्यांना रानात न्यायला तुझं डोकं ठिकाणावर आहे काय? बाजारातनं आणू एक जुडी." मी काही बोलायच्या आत हे खुर्चीतून उठले, डाव्या हातानं कोपऱ्यातली काठी घेतली आणि दारात जाऊन उभे राहिले. "बरं," म्हणाले. विषय संपला.

भाड्याची गाडी करून गेलो. अव्वा अंगणातच होती. "बर्री, बर्री," म्हणजे या, या करत पुढं आली, ह्यांच्या काठीकडे बघितलं, तोंडाकडे बघितलं. "अण्णा, यंदा सुम्मन का ओ?" असं तिनं विचारलं आणि गप्प का, ते माझ्याकडून कळल्यावर पदर तोंडाला लावून बसली. ह्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्यापेक्षा हे लहान आहेत, पण त्या वेळी कुणाला ते खटकलं नाही.

ओढ्यापर्यंत आम्ही सावकाश गेलो. पाऊस उघडला होता, वाट निसरडी होती. तेरडा नेहमीसारखाच उदंड होता. दाट भागातलीच रोपं घ्यायची, विरळ भागाला हात लावायचा नाही, ही ह्यांची शिस्त मी पाळली. मुळं धुतली, हळद-कुंकू वाहिलं, चूळ भरली. आणि सवयीनं हे पुढे झाले.

इतकी वर्षं मी ह्या वाटेवर मुकी चालले, पण वाट कधी मुकी नव्हती. यंदा फक्त काठीचा आवाज. पहिल्या वळणावर कळलावी फुलली होती. हे थांबले. काठी उचलून तिच्याकडे दाखवली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बरं?" मी मान हलवली. ते हलेनात. पुन्हा काठी, पुन्हा "बरं?" माझं तोंड पाण्यानं भरलेलं. शेवटी ते पुढे निघाले. कवळ्यापाशी तेच. आभाळीपाशी तेच. प्रत्येक वेळी माझ्याकडे बघायचे, थोडं थांबायचे, आणि मी मान हलवली की पुढे जायचे. वर धनेशाच्या पंखांचा आवाज झाला तेव्हा त्यांनी काठी टाकून दिली, डावा हात वर केला, तोंड उघडलं. ओठ हलले, गळ्याची शीर फुगली आणि काहीच आलं नाही. साधं "बरं"सुद्धा नाही. मग ते वाटेत उभे राहून रडायला लागले. चाळीस वर्षांच्या संसारात मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

मी पाणी गिळून टाकलं.

"धनेश," मी म्हणाले. "धनेश गेला, अहो. एकच होता." काठी उचलून त्यांच्या हातात दिली. परत ओढ्यावर जायला त्यांच्या पायात बळ नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझीही इच्छा नव्हती. "मागं गेली ती कळलावी. मग कवळा. ही आभाळी." मी पुढे झाले आणि बोलत सुटले. बेडकाला बेडूक म्हटलं, वारुळाला वारूळ म्हटलं. हे मागून येत होते. रडणं थांबलं होतं, पण तोंडावर काहीच दिसत नव्हतं. ऐकतायत की नुसते चालतायत, मला सांगता येईना.

मग सावलीत एक पांढरं फूल दिसलं, लांब दांड्यावर. "ही चवर," मी म्हणाले आणि पुढे पाऊल टाकलं.

मागे काठी आपटली. मी वळले. "बरं!" ते ओरडले. त्यांनी काठीनं त्या झाडाची पानं दाखवली, दांड्याभोवती जिन्यासारखी गोल चढत गेलेली. पुन्हा काठी आपटली. चेहरा रागानं लाल झाला होता. हा राग माझ्या ओळखीचा होता. चवर आणि पेव यांत माझा घोळ जन्माचा आहे आणि त्यावरून मी त्यांची बोलणी कितीदा खाल्लीत याला गणती नाही.

"पेव," मी म्हणाले. "चुकले. हे पेव."

"बरं," ते म्हणाले. शांतपणे. आणि चालू लागले.

मी तिथंच तेरडा छातीशी धरून खाली बसले. आता रडायची पाळी माझी होती. पुढे जाऊन ते वळले आणि काठीनं मला ऊठ म्हणून खुणावलं. उशीर होत होता.

हुबळीत केशवापूरला आमच्या घराच्या दारात जाऊबाई तांब्या घेऊन उभ्या होत्या. पहिला प्रश्न अपेक्षित होता. "मुक्यानं आणलीस ना?"

"नाही, अक्का. बोलत आणली. सगळी वाट बोलत आले."

जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे. पायजम्याला गुडघ्यापर्यंत चिखल, आणि डोळे सुजलेले. मग खाली वाकून त्यांनी तेरड्याच्या मुळांवर दूध-पाणी घातलं, माती निघेपर्यंत ती हातानं चोळून धुतली आणि आपल्याच पदरानं पुसली. "या आत," म्हणाल्या. गौरीला म्हणाल्या की आम्हाला, ते मी विचारलं नाही.

गौर गेली त्याला आता बरेच दिवस झाले. शब्द अजून आलेला नाही, आणि तो येईलच असं मला कुणी सांगितलेलं नाही. ह्यांच्या फोनमध्ये फुलांचे फोटो भरपूर आहेत. संध्याकाळी गच्चीवर आम्ही ते घेऊन बसतो. मी एकेक फोटो दाखवते आणि नाव सांगते, आणि मध्येच एक नाव मुद्दाम चुकवते. रोज काठी आपटते. ती आपटली की मी उठून चहा टाकते.

काल सोनकीच्या फोटोला मी कवळा म्हणाले. हे फोटोकडे बघत राहिले. काठी मांडीवर तशीच होती. मी तोंडात पाणी धरल्यासारखी बसून राहिले, हलले नाही, पुढचा फोटो काढला नाही.

मग आपटली. हळूच.