बसमध्ये शिकलेलं मराठी

लेक पहिलीत होती तेव्हा शाळेतल्या मॅडमनी मला बोलावून घेतलं. मुलगी हिंदी बोलताना मध्येच मराठी शब्द घालते, वर्गातली मुलं हसतात, घरी तिच्याशी हिंदीतच बोलत जा, असं त्या म्हणाल्या. मी चौथी शिकलेली. लग्न होऊन मिरजेजवळच्या खेड्यातून लखनौला येऊन काही वर्षं झाली होती, तरी परक्या माणसासमोर तोंड उघडायचं म्हटलं की मी मागे सरायचे. मी नुसती मान हलवली. घरी ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, मॅडम सांगतात म्हणजे बरोबरच असेल.

त्या दिवसापासून मी माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत लेकीशी बोलू लागले. ती सवयीने मराठीत उत्तर द्यायची, मी म्हणायचे, हिंदीत सांग. हळूहळू तिची सवय गेली. पाहुणे आले की ती मराठी ऐकायची, समजायचीही, पण बोलायची वेळ आली की माझ्या पदराआड जायची.

पंचाईत झाली ती माझ्या आईची. गावाकडे फोन लावला की नातीशी काय बोलायचं तिला कळेना. मग तिने घराशेजारच्या बांगडीवाल्या चाचीकडून चार वाक्यं शिकून घेतली. "खाना खाया क्या बेटा? क्या सब्जी थी?" इकडून लेक सांगायची, "हाँ आजी, खा लिया. लौकी थी." झालं, फोन माझ्याकडे. लेक शाळेतून कॉलेजात गेली, भाज्या बदलल्या, दोघींचं बोलणं तेवढंच राहिलं.

कॉलेज संपल्यावर लेकीला लखनौतच, जानकीपुरम भागातल्या एका ऑफिसात नोकरी लागली. त्याच सुमारास मलाही तिकडेच काम मिळालं. पुण्याकडचं एक जोडपं होतं, दोघंही संशोधनाच्या नोकरीत. त्यांची मुलगी दोन वर्षांची. सांभाळायला बाई कुठलीही मिळाली असती, पण ताईंना मराठीच बाई हवी होती. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "मावशी, बाकी काही नाही केलंत तरी चालेल. तिच्याशी दिवसभर मराठीत बोला." मी बोलत राहिले. चिऊ-काऊ, अडगुलं-मडगुलं, सगळं बाहेर आलं. पगार त्याचाच होता. संध्याकाळी बस स्टॉपवर लेक भेटली की मी विचारायचे, "थक गई क्या?"

आम्ही राहायचो वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. चारबाग स्टेशनला बस बदलायची, पुढे नदीवरचा पूल ओलांडेपर्यंत गर्दीत उभं राहायचं. जाऊन-येऊन दिवसातले तीन तास बसमध्ये जायचे. मी ताईंना एकदा म्हटलं, वेळ जात नाही. त्यांनी माझ्या फोनवर पॉडकास्ट घालून दिलं. मला वाटलं रेडिओच आहे. त्या म्हणाल्या, रेडिओ त्याच्या वेळेला लागतो, हे तुम्ही म्हणाल तेव्हा लागेल. त्यात एक बाई मराठीतून गोष्टी वाचायची. आवाज असा स्वच्छ, की एकेक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये लेकीने माझ्या एका कानातली वायर काढून स्वतःच्या कानात घातली. मग रोजचंच झालं. एक कान माझा, एक तिचा. ती मध्येच थांबवून विचारायची, "मम्मी, ओसरी क्या होता है? हुरहुर मतलब?" ओसरी मी सांगितली. हुरहुर मला सांगता येईना. काही महिन्यांनी तिच्या ओठांवर त्या बाईची वाक्यं यायला लागली, अगदी त्याच चालीत. एका संध्याकाळी बसमध्ये ती म्हणाली, आज आजीला मैं ही फोन लगाती हूँ. वायर तशीच दोघींच्या कानात होती. पलीकडे आईचा हॅलो आला. लेकीने श्वास घेतला आणि म्हणाली, "नमस्कार आजी. मी आपली नात बोलत आहे. आपली प्रकृती कशी आहे?"

आई घाईघाईने म्हणाली, "नको गं बाई. कर्ज नको, सिम नको, काही नको." आणि फोन ठेवून दिला.

आम्ही दोघी इतक्या हसलो की पुढच्या सीटवरचे भैया वळून बघायला लागले. हसणं ओसरल्यावर लेकीने वायर गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

घरी येऊन मी आईला सांगितलं, अगं ती तुझी नात होती. आई खजील झाली. म्हणाली, "किती शुद्ध बोलते गं. मला वाटलं कंपनीची बाई." मी लेकीच्या हातात फोन दिला. आई तिला म्हणाली, "मी बरी आहे हो. तुम्ही बऱ्या आहात ना?" नातीला तुम्ही. आणि लगेच फोन वहिनीकडे दिला. मागून आईचा आवाज आला, माझं गावठी ऐकून काय म्हणेल ती. मॅडमसमोर मान हलवली तेव्हा मी जशी होते, तशीच माझी आई नातीसमोर झाली होती.

त्यानंतरही फोन व्हायचे, पण "खाना खाया क्या" तिने परत विचारलं नाही. नातीला मराठी येतं म्हटल्यावर हिंदी बोलायची तिला लाज वाटत असावी, आणि मराठीचीही. लेक म्हणायची, उन्हाळ्यात जाऊ, समोर बसले की ठीक होईल. मलाही तसंच वाटायचं. उन्हाळ्याआधीच आई गेली.

आता लेक पुण्यात नोकरीला आहे. रूमवरच्या मुलींबरोबर राहून तिचं मराठी सैल झालंय, आता कंपनीची बाई वाटत नाही. जानकीपुरमची मुलगी शाळेत जायला लागली, तरी तिला आणायला-सोडायला मी अजून जाते. बसमध्ये आता दोन्ही कान माझेच असतात. परवा गोष्ट चालू असताना मध्येच लेकीचा फोन आला. "आई, जेवलीस का गं?"

असं मला कोणी विचारून किती वर्षं झाली होती. उत्तर मराठीत द्यायचं मनात होतं, पण तोंडातून आलं, "हाँ बेटा, खा लिया."