डब्यातल्या मुंग्या

आमच्या ह्यांनी बावीस वर्षांत एकदाही जेवणाचा डबा धुतला नाही. भाजीचा रस सुकलेला, कडेला मिरचीचं देठ चिकटलेलं, अशा अवस्थेत तो रोज संध्याकाळी ओट्यावर यायचा आणि मी रोज म्हणायची, "कारखान्यात नळ नसतो वाटतं." हे नुसते हसायचे. त्यामुळे एक दिवस डबा उघडला आणि तिन्ही कप्पे लख्ख घासलेले दिसले, तेव्हा मला आनंद वगैरे काही झाला नाही. मी तो उलटा करून पाहिला.

मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. पेठेतलं माहेर. दुधाच्या मापावर आणि सोनाराच्या काट्यावर नजर ठेवायला मला लहानपणीच बसवलेलं. माझी मुलगी आता हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, ती म्हणते, "आई, तू टोटली पोलिसात हवी होतीस." तिला म्हटलं, घेतलं असतं तर गेले असते.

हे मूळचे धायरीचे. तेव्हा धायरी म्हणजे गावच, चारी बाजूंना शेतं. आईवडील लवकर गेले. थोरली बहीण विधवा होऊन माहेरी परत आलेली, तिनं दोन म्हशींच्या जिवावर भावाला वाढवलं, डिप्लोमा करवला. मग ह्यांना पिंपरीकडच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समनची नोकरी लागली. यंत्रांचे नकाशे काढायचं काम. काय हात होता! ब्लेडनं पेन्सिलीला असं टोक काढायचे की बघत राहावं. दिवाळीत माझ्या रांगोळीचे ठिपके वाकडे पडतात म्हणून गुण्या, ती काटकोनाची पट्टी, घेऊन अंगणात बसले होते एकदा. शेजारणी अजून आठवण काढतात.

पुढे कारखान्यात कॉम्प्युटर आले. आठ माणसांचं काम दोन पोरं करायला लागली, ड्रॉइंग बोर्ड भंगारात निघाले, आणि ह्यांच्या हातात स्वेच्छानिवृत्तीचा कागद आला. "स्वेच्छा कुणाची, तेवढं विचारून या," मी म्हटलं. चिडले नाहीत. सत्तेचाळिसाव्या वर्षी कॉम्प्युटरच्या क्लासला जायला लागले. तिथली पोरं ह्यांना काका म्हणत. घरी कॉम्प्युटर नव्हता, तर ह्यांनी ट्रेसिंग पेपरवर कीबोर्ड काढला, अगदी मापात, आणि जेवणाच्या टेबलावर तो चिकटवून बोटं चालवत बसायचे. मला हसूही यायचं आणि भरूनही यायचं. वर्षभरात सिंहगड रस्त्यावरच्या एका लहानशा ऑफिसात काम मिळालं. परदेशातल्या यंत्रांचे सुटे भाग आता हे पडद्यावर काढायला लागले.

आणि तिथे लागल्यावर तीन महिन्यांत डबा धुतलेला यायला लागला.

पहिल्या दिवशी मी विचारलं, "आज सूर्य कुठून उगवला?" म्हणाले, "ऑफिसात चांगलं बेसिन आहे." ठीक आहे म्हटलं. पण आठवड्यानं बघते तर त्या स्वच्छ डब्याला मुंग्या! घासलेल्या, कोरड्या डब्यात मुंग्या कशाला येतील? वरचा कप्पा उजेडात धरला. तळाशी साखरेचे दाणे. चार-पाचच, पण साखरच.

आता हे मी कुणाला समजावून सांगायला नको. भांडं रिकामं परत देऊ नये, चिमूटभर साखर तरी घालावी, ही रीत बेसिनला ठाऊक नसते. ऑफिसातल्या शिपायालाही नसते. ही बाई होती. बरं, पावडर-लिपस्टिकवालीही नव्हे. चांगल्या वळणाची, संसारी बाई. त्यानं तर माझा आणखीच जळफळाट झाला.

मग मी मागेच लागले. सकाळी स्कूटरच्या किलोमीटरचा आकडा बघून ठेवायचा, संध्याकाळी पुन्हा बघायचा. ऑफिसच्या अंतरापेक्षा रोज चार किलोमीटर जास्त. दुपारी ऑफिसात फोन केला तर तिथली मुलगी म्हणाली, "काका लंचला बाहेर जातात ना, रोज." डबा घेऊन बाहेर? मग मी कारलं केलं. ह्यांनी उभ्या जन्मात कारलं तोंडात घातलं नव्हतं, वास आला तरी ताटावरून उठायचे. डबा भरून कारल्याची भाजी दिली. संध्याकाळी डबा रिकामा, धुतलेला, साखरेसकट.

"कारलं कसं झालं होतं?"

"छान झालं होतं," म्हणाले. माझ्याकडे न बघता.

धडधडीत खोटं! विचारायचं होतं मला, पण विचारलं नाही. भीती वाटत होती, दुसरं काय. उत्तर खरं आलं असतं तर मी कुठे जाणार होते? मी फक्त बघत राहिले. रोज घरी आले की डबा ओट्यावर ठेवायचे आणि लगेच जायचे नाहीत, मिनिटभर तिथेच उभे राहायचे. मी पोळ्या लाटत असायची, मान वर करायची नाही. मनात म्हणायची, मन खातंय मेल्याचं. खाऊ दे.

चार वर्षं गेली अशी. आमच्या वारज्याच्या बिल्डिंगमधली, देवळातली, ऑफिसातली, कुठलीच बाई मी सोडली नाही. माझ्या यादीत नव्हत्या त्या फक्त वन्सं, म्हणजे ह्यांची ती धायरीची बहीण. त्यांनी माझ्या हातचं खाणं शक्यच नव्हतं, आणि त्याला कारणही मीच होते.

आमच्या वारज्याच्या फ्लॅटची वास्तुशांत होती. माझ्या रुखवतातल्या बारा वाट्या, प्रत्येकीवर माझ्या माहेरचं नाव कोरलेलं. पंगती उठल्यावर मोजल्या तर अकरा. चारचौघांत मी बोलून गेले, "धायरीच्या पिशवीत बघा एकदा." मस्करीत म्हटलं, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. मस्करी नव्हती ती. वन्संनी पिशवी उलटी केली. चष्मा, चंची, पानात बांधलेला प्रसाद, बसचं तिकीट. वाटी नव्हती. "या घरात पुन्यांदा पानी प्याची न्हाई," एवढंच म्हणाल्या आणि उतरून गेल्या. हे त्यांना बसपर्यंत सोडून आले. त्या दिवशी हे जेवले नाहीत. तेव्हापासून वन्संचं नाव आमच्या घरात निघालं नाही.

आणि हो, वाटी सापडली. वर्षभरानं, माळ्यावरच्या पूजेच्या सामानात, तबकाखाली. आत वाळलेल्या अक्षता. वास्तुशांतीच्या सकाळी मीच त्यात अक्षता कालवल्या होत्या, मीच ठेवली होती. मी ती जुन्या ब्लाउजमध्ये गुंडाळली आणि ट्रंकेत तळाशी घातली. आता काय सांगायचं, आणि कोणत्या तोंडानं? म्हटलं, झालं ते झालं.

मग एका दुपारी ऑफिसातून फोन आला. जेवून परत आले, खुर्चीत बसले, आणि गेले. दवाखान्यात पोचेपर्यंतही थांबले नाहीत.

पहिल्या दिवशी मला काही सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी एकच गोष्ट डोक्यात शिरली. डबा कुठे आहे? ऑफिसातून ह्यांचा चष्मा आला, पेनं आली, पट्ट्यांची जुनी पेटी आली. डबा नाही. ऑफिसातली ती मुलगी भेटायला आली होती, फार रडली. मी तिचं रडणं निरखून पाहिलं आणि विचारलं, "डबा कुठाय?" बिचारी गोंधळली. "काका तर बाहेर जेवायचे, काकू. त्या दिवशी येताना हातात नव्हता."

म्हणजे डबा तिच्याकडे होता. जी कोण होती तिच्याकडे. आणि संसारी बाई दुसऱ्याचा डबा ठेवून घेत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. ती येणारच. तेरा दिवस मी भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईच्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघत होते. लोकांना वाटलं, दुःखानं मान खाली गेली. नवरा गेल्याचं धड रडूही येत नव्हतं मला. ज्याच्यासाठी रडायचं तो माझा होता की नाही, हेच कळत नव्हतं. वन्सं पहिल्या दिवशी येऊन खाली पार्किंगमध्ये उभ्या राहिल्या होत्या, वर आल्या नाहीत. मी खिडकीतून पाहिलं आणि मनात म्हटलं, ताठा बघा अजून.

चौदाव्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात वन्सं. केवढ्या वाळल्या होत्या. हातात कापडी पिशवी, आणि पिशवीतून त्यांनी डबा काढला.

"घ्या. त्या दिशी माझ्याकडंच इसरला त्यो. दुसऱ्याचं भांडं मी ठिवून घेत न्हाई."

मी डबा उघडला. लख्ख. तळाशी चिमूटभर साखर.

मी डब्यातून नजर वर केली. म्हटलं, "तुम्ही? माझ्या हातचं जेवत होता तुम्ही?"

"या घरात पानी प्याची न्हाई म्हनले व्हते. डबा माझ्या घरी यायचा. माझ्या घरी म्या काय बी खाईन." मग जरा थांबून म्हणाल्या, "त्यो माझी भाकरी खायाचा, म्या तुझी भाजी. कारलं ब्येस करतीस."

"अहो, मला वाटलं दुसरी कुणी बाई..." आणि पुढे मला रडूच फुटलं. चौदा दिवसांचं, चार वर्षांचं, सगळं एकदम.

"दुसरी कशाची गं. म्या अंगाखांद्यावर वाढवलाय त्याला." त्यांच्याही डोळ्याला धार लागली, पण पाऊल उंबऱ्याच्या आत आलं नाही.

मला एकदम राग आला. ह्यांचा. "मला सांगितलं का नाही त्यांनी? एवढी चार वर्षं! एका शब्दानं सांगायचं होतं!"

वन्संनी पदरानं तोंड पुसलं. "त्वा सांगितलंस का त्याला? वाटी घावली म्हून?"

मी डब्याला झाकण लावायला लागले.

"ट्रंकेत घावली त्याला. पट्ट्यांची पेटी हुडकत व्हता. अक्षता व्हत्या म्हनाला आत, वाळल्याल्या. त्याच दिशी आला माझ्याकडं. म्या म्हनलं, इचार की बायकूला. तर म्हनला, न्हाई अक्का, तिची तिला सांगू दे. लई मानी हाय, पन सांगंल. मंग अक्का, ती सोताच तुला घरी घेऊन येईल, म्हनला." त्यांनी डब्याकडं बोट दाखवलं. "रोज ह्यो वट्यावर ठिवायचा आन् मिनिटभर हुबा ऱ्हायाचा म्हनं. आज बोलंल, म्हून."

मी डबा घेऊन स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर ठेवला, ते ठेवायचे तिथेच. आणि उभी राहिले.

"वाटी सापडली होती," मी म्हटलं. चांगलं मोठ्यांदा म्हटलं.

"आता मला कशाला सांगतीस," वन्सं दारातून म्हणाल्या.

मी त्यांना सांगतच नव्हते.