साडेपाचनंतरचं गाव

जायचं ठरलं ते भांडणातून. भांडण तरी कोणाशी, तर मोबाईलच्या स्क्रीनशी. मोनालीचा शेवटचा मेसेज रोज साडेपाचच्या आत यायचा आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत काही म्हणजे काही नाही. फोन लावला तर संपर्क क्षेत्राच्या बाहेर. तिच्या गावात टॉवरची रेंज पोचतच नाही. जे काही नेट आहे ते ग्रामपंचायतीत आलेल्या फायबर केबलचं, तिथूनच वायफायने आजूबाजूच्या घरांत जातं. आणि तिचं घर तर पंचायतीच्या अगदी मागे. मग साडेपाचनंतर ही जाते कुठे? महिनाभर मनात जळलो आणि एका संध्याकाळी नको ते लिहून बसलो: 'दुसरं कोणी असेल तर सांगून टाक. असं रोज शटर पाडू नको.' सकाळी दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. चार दिवस नाही. पाचव्या दिवशी बाबांची मोटारसायकल काढली.

मी नेरचा. अमरावतीला कॉलेजात तिसऱ्या वर्षापर्यंत होतो, मग विभागप्रमुखांशी वाजलं आणि तावातावात घरी आलो तो आलोच. मोनाली त्याच वर्गातली. ती पास झाली, गावी गेली आणि ग्रामपंचायतीच्या सेवा केंद्रात दाखले-उतारे काढून द्यायला बसली. तिच्या गावाचं नाव लिहीत नाही, ओरडेल. मारेगावपासून आत, एवढं पुरे.

ज्यांना हा रस्ता करायचा असेल त्यांनी फेब्रुवारीच्या शेवटी करावा. नेरहून सकाळी सहाला निघालो तेव्हा हवेत गारवा होता आणि शेतांच्या कडेला उपटलेल्या कापसाच्या पऱ्हाटीचे ढीग धुक्यात बसल्यासारखे दिसत होते. यवतमाळला स्टँडजवळ तर्रीपोहे खाल्ले. वरचा तिखटजाळ रस्सा, म्हणजे तर्री, मागाल तेवढी देतात, जपून मागा. जोडमोह्याच्या पुढे साग सुरू होतो. या दिवसांत त्याची पानं गळतात, आणि गाडी बंद करून उभं राहिलं तर अख्खं जंगल हळूहळू कागद चुरगाळत असल्यासारखा आवाज येतो. मधे मधे पळस. पान एक नाही, नुसता पेटलेला. मी अर्धा तास एका पळसाखाली उभा होतो आणि तिला काय काय बोलायचं ते पाठ करत होतो. पहिल्यांदा रागावून. मग जरा कमी रागावून. शेवटी नुसतं तिचं नावच उरलं.

करंजीला हायवे ओलांडायचा, तिथे ट्रक अंगावर येतात, जपा. मारेगावला पाचशेत खोली मिळाली. पंखा आहे, आरशाला तडा आहे. पिशवी टाकली, दुपार खाटेवर धीर गोळा करण्यात गेली, आणि चारनंतर आतल्या रस्त्याला लागलो.

या रस्त्याच्या कडेला ठरावीक अंतरावर कमरेएवढे छोटे दगडी खांब आहेत. खाली केबल आहे, खोदू नका, असं त्यावर लिहिलंय. आधी लक्ष गेलं नाही. मग गेलं, आणि मग दुसरं काही दिसेचना. तुरीच्या रिकाम्या वावरातून, नाल्याच्या पुलावरून, एका बोरीच्या झुडपाला वळसा घालून ते खांब माझ्यापुढे चालले होते. या मातीखाली केसाएवढी काच आहे आणि त्या काचेतून उजेड धावतो. माझे सगळे मेसेज इथूनच गेले असतील. तो रागाचा मेसेजही. वाटलं, गाडीवरून उतरावं, जमिनीला कान लावावा आणि तो तेवढा परत मागून घ्यावा.

पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. पंचायतीची इमारत लहान, पिवळी, दारासमोर कडुलिंब. आत मोनाली कोणाचा तरी उतारा छापत होती. मला पाहिलं, प्रिंटरकडे पाहिलं, आणि म्हणाली, "बस." एवढंच. मी बाकावर बसलो. भिंतीवर एक लोखंडी पेटी होती, तिच्या जाळीतून हिरवे दिवे लुकलुकत होते. तेच ते. अख्ख्या गावाचं नेट त्या पेटीत.

साडेपाचला पंचायतीचे शिपाई मारोतीकाका उठले. साठीकडे आलेला माणूस, गावाबाहेरच्या कोलामांच्या वस्तीत, पोडावर राहणारा, खाकी शर्टाला इस्त्री. त्यांनी खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, आणि जाता जाता भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला. खट्. हिरवे दिवे एकदम विझले.

मी बाकावरून उडालोच. "ओ काका! हे काय केलं?"

"मेन बंद केला. कुलूप लावाचं हाय."

"अहो, अख्ख्या गावाचं नेट बंद केलं तुम्ही! रोज हेच करता? अक्कल बिक्कल आहे का नाही?"

"नेट कुठी बंद केलं? मी तं लाइट बंद केला." त्यांनी पेटीकडे पाहिलं. "हे स्टेबिलायझर होय ना?"

बाहेर कडुलिंबाखाली चार-पाच जण बसले होते, ते आत डोकावले. एकाने कपाळावर हात मारला. "हट् बे मारोती! सहा महिन्यांपासून कंपनीले शिव्या देऊन राह्यलो आमी! त्यायचा माणूस येते दुपारी, पाह्यते, 'बरोबर चालू आहे' म्हणते अन् जाते. अन् नेट खाणारा हा इथी!" सगळे हसले. मीही हसलो. मारोतीकाका हसले नाहीत. कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं, किल्ली खिशात टाकली आणि कोणाकडे न बघता पोडाच्या रस्त्याला लागले.

"झालं तुझं?" मोनाली म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"मी काय आंधळी आहे? रोज मी तिथीच बसतो ना." ती चिडली की असं गावचं बोलते. "मागं एकदा वीज पडली, पंचायतीचा कंप्युटर जळला. तेव्हापासून त्या माणसाले सांगतलं होतं, मेन पाडल्याबगर कुलूप लावाचं नाही. एक दिवस चुकला नाही तो. मी जाऊन काय म्हणू, काका तुमचं काम चुकीचं आहे? म्हणून तं उद्याच्या ग्रामसभेत ठराव ठेवला, त्या पेटीले मेनच्या बाहेरून स्वतंत्र वीज अन् बॅटरी. कोणाचं नाव नाही, कोणाची चूक नाही. अन् त्याच ठरावात शाळा, अंगणवाडी अन् पोडापर्यंत केबल. सोमवारी प्रत पंचायत समितीत गेली नाही तं केबलच्या यादीतून गाव सुटते. अन् तू आला, पाच मिनिटांत सगळ्या गावापुढं माणसाले..."

मी विचारलं, मग मला साधं सांगितलं का नाही, की नेट जातं म्हणून?

तिने पंचायतीचं कुलूप एकदा ओढून पाहिलं. "खरं सांगू? साडेपाचले नेट गेलं की मले बरं वाटे. तू संध्याकाळचाच लढते."

मारेगावच्या त्या तडा गेलेल्या आरशात मी स्वतःकडे फार पाहिलं नाही. 'उद्या येऊ नको' असं ती म्हणाली होती. सकाळी उठून गेलो.

ग्रामसभा पंचायतीसमोर कडुलिंबाखालीच होती. सतरंज्या, एक टेबल, टेबलावर फुलं नाहीत, पाण्याची कळशी. सरपंचताई लुगड्याचा पदर खोचून स्वतः लोकांना हाका मारत होत्या. दारात हजेरीची वही फिरत होती. माझ्यापुढे आली. सगळे सही करत होते, मीही केली. गर्दी वाढावी, तिचा ठराव व्हावा, एवढंच मनात. पूर्ण नाव लिहिलं, वळणदार.

ग्रामसेवकांनी मोजणी केली. गणपूर्तीला शंभर सह्या लागतात, त्याशिवाय सभा भरत नाही. बोट वहीवरून उतरत उतरत माझ्या नावावर थांबलं. त्यांनी ते मोठ्याने वाचलं. "हे कोण? हे आपल्या यादीत नाहीत."

मी उभा राहिलो. आता बसताही येईना.

"कोणाकडले पाव्हणे हायेत?" पुढच्या सतरंजीवरच्या एका म्हातारीने मान उंच करून विचारलं.

आमच्याकडे हा प्रश्न साधा आहे. कोणत्याही परक्या माणसाला पहिला तोच विचारतात. पण समोर लग्नाच्या वयाची मुलगी असली की 'पाव्हणा' या शब्दाला एकच अर्थ उरतो, आणि तो अख्ख्या सभेला कळतो. मी म्हणणार होतो की मी मारेगावहून असाच आलोय. तोंड उघडलंही.

"माह्याकडले," मोनाली म्हणाली. टेबलामागून, मान वर न करता, हातात पेन. "नाव कापा त्यायचं. गावचे नाहीत."

मग बायकांच्या सतरंजीवरून असं हसू उठलं की कडुलिंबावरच्या साळुंक्या उडाल्या. "काहो पाव्हणे, एकटेच आले काय?" "कापू नका हो नाव, ठेवा, पुढं लागनच!" तिचे वडील मागच्या रांगेत होते, ते एकदम चप्पल शोधायला लागले, जी त्यांच्या पायातच होती. मला वाटलं की मी जमिनीपासून थोडा वर आहे, चार बोटं.

नाव कापलं. उरल्या सत्त्याण्णव. सरपंचताईंनी हापशीवरच्या दोन बायकांना पाण्याच्या गुंड्यांसकट ओढून आणलं. नव्याण्णव. सगळे इकडेतिकडे पाहू लागले, आणि मग हळूहळू सगळ्यांची नजर पंचायतीच्या दाराकडे गेली. मारोतीकाका तिथे उभे होते. शिपाई सभेची व्यवस्था करतो, वहीत सही त्यांनी कधी केलीच नव्हती. पण मतदार तर तेही गावचेच.

"मले नका वढू," ते म्हणाले. "काल सांगतलं ना या पोराने. मले अक्कल नाही."

कोणी हसलं नाही. मी सतरंज्यांच्या मधून गेलो. पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना. "काका, मी चुकलो," म्हणालो. "मला बोलायची अक्कल नाही."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "माफी राहू दे. त्या डब्ब्यात काय असते ते सांग. दहा वर्सं कुलूप मी लावतो, मले कोणी सांगतलंच नाही."

मग मी सांगितलं. सगळी सभा ऐकत होती. की जमिनीखालून काचेचा धागा आलाय, केसाएवढा. त्यात उजेड असतो. त्या उजेडातून माणसाचं बोलणं येतं. दिवा विझला की बोलणं वाटेत थांबतं. मारोतीकाका म्हणाले, "म्हंजे दिवा तेवत ठेवाचा, असंच ना? हे कालच सांगतलं असतं." आणि वही मागितली. सही सावकाश, एकेक अक्षर. ठराव वाचला गेला, अनुमोदनाला त्यांचंच नाव लागलं.

परत निघताना ती रस्त्यापर्यंत आली. मी विचारलं, आपलं लग्न, हो की नाही. खरं तर एवढंच विचारायला आलो होतो.

"तहकूब," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"सभा तहकूब झाली की पुढच्या वेळी गणपूर्ती लागत नाही. तारीख तेवढी लागते. ती मी ठरवीन. तवरीक तू संध्याकाळचं भांडण बंद ठेवून पाह्य."

परतीचा रस्ता मला आठवत नाही. खांब होते, पळस होता, करंजीला चहा प्यायलो असेन. एवढंच आठवतं की सागाच्या जंगलात ऊन पडलं होतं आणि मी कोणाशीच मनात भांडत नव्हतो. असं माझ्या बाबतीत फारसं घडत नाही.

ठराव सोमवारी गेला. वायरमन यायला तीन आठवडे लागले, बॅटरी यायला आणखी एक. पोडाची केबल अजून यादीतच आहे, सरपंचताई दर मंगळवारी पंचायत समितीत जाऊन बसतात म्हणे. पण पेटीतले दिवे आता विझत नाहीत. मारोतीकाका मेन पाडतात, पेटीकडे पाहतात आणि मगच कुलूप लावतात.

आता संध्याकाळी तिच्या नावाखाली 'ऑनलाइन' दिसतं, आणि मला काही आलेलं नसतं. पूर्वी मी पंचायतीवर, टॉवरवर, नशिबावर खापर फोडू शकत होतो. आता ती गप्प असेल तर ती गप्प आहे. पहिल्या संध्याकाळी बोटं तीनदा स्क्रीनवर गेली. चौथ्यांदा फोन उलटा ठेवला आणि आईजवळ जाऊन बसलो. ती सुपात तूर निवडत होती. मीही खडे वेचू लागलो. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला ताप आलाय.

सुपातली तूर संपत आली तेव्हा फोन वाजला. 'बाबा विचारून राह्यले, त्या पाव्हण्याच्या घरी मोठं कोणी आहे का, का एकटाच फिरते.'

आई शेवटचा खडा शोधत होती.

'आहे,' मी लिहिलं, आणि आईला हाक मारली.