आपन काय घेतलं

पांढुर्ण्याहून येणारी आमची बस सौंसरच्या वेशीवर थांबली. पुढे नव्या रस्त्यावर रोलर फिरत होता. मी तेव्हा नगरपालिकेत कारकून होतो. शेजारी शेतात निंदणाला निघालेली एक बाई बसली होती, मांडीवर विळा घेऊन.

तिनं बाहेरच्या फलकाकडे बोट दाखवलं. "भाऊ, काय लिहिलं हाये तिथं?"

"राज्य सरकारनं रोखे विकून कर्ज घेतलं. त्यातून नगरपालिका रस्ता करून राहिली."

"मंग फेडन कोन?"

"सरकारच. पण आपल्या करातून."

"माचिस घेतली तरी कर लागते ना?"

"लागते."

"मंग पाहू द्या, आपन काय घेतलं थे."

ती उतरली. अनवाणी टाचेनं डांबराची कड दाबून पाहिली, वाकून कड पाहत वळणापर्यंत गेली आणि मुकादमाला म्हणाली, "आमच्या वस्तीचं पानी जायाची मोरी कुठं हाये?"

मुकादम हसला. ती हलेना, तेव्हा त्यानं नकाशा उघडला. मोरी त्यात होती, रस्त्यात नव्हती. त्यानं रोलर थांबवला.

बस सुटली, पण ती चढली नाही. मी मात्र खिडकीपासून तोंड फिरवलं. मुकादमाकडे जाण्याआधी तो नकाशा आठवडाभर माझ्याच टेबलावर पडून होता आणि मी तो एकदाही उलगडला नव्हता.